किल्ली कोणाच्या खिशात?

सीबीडी बेलापुरात राहणाऱ्या माणसाने 'मालक' हा शब्द जरा जपूनच वापरावा. येथे घर आपले असते, हप्ते आपण फेडलेले असतात, दारावरची पाटी आपल्या नावाची असते. पण खालची जमीन सिडकोची. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने या शहरातले भूखंड आणि घरे दिली ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. घर विकायचे तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क हे वर्षानुवर्षे ओघाने आलेच. भाडेपट्ट्याचे हे लचांड सुटावे, ही नवी मुंबईकरांची मागणी म्हणूनच इतकी जुनी आहे. तात्पर्य, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे आपण नेमके किती मालक, हा प्रश्न आम्हा बेलापूरकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. तोच प्रश्न खिशातल्या मोबाईलबाबत विचारण्याची वेळ आता आली आहे, आणि ती केवळ आमच्यावर आलेली नाही.

माझा फोन पाच वर्षांचा आहे. काच शाबूत, बॅटरी एकदा बदललेली, आवाज खणखणीत. पण त्याच्या कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणे केव्हाच थांबवले. ज्या दिवशी त्या थांबल्या त्या दिवशी फोन काही बंद पडला नाही. फक्त त्यानंतर अँड्रॉइड प्रणालीत जी जी छिद्रे सापडली, ती माझ्या फोनमध्ये तशीच उघडी राहिली. शिवाय विकत घेतला तेव्हाच त्यात कंपनीने डझनभर ॲप भरून ठेवली होती. ती मी मागितली नव्हती. ती काढून टाकण्याची सोय दिलेली नाही. आणि जागा मात्र अडवून बसली आहेत. भाड्याच्या खोलीत घरमालकाने आपले मोडके कपाट ठेवून जावे, तशातला प्रकार. शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यावर उपाय सुचवला. "काका, रूट करून टाकू. एका संध्याकाळचं काम आहे."

करावे की करू नये? वरकरणी हा हौशी पोरांचा उद्योग वाटतो. पण त्या एका संध्याकाळच्या कामाचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की यात बँक आहे, कायदा आहे, कारखानदार आहे आणि सरकारही आहे. म्हणून तो विचार वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

आधी 'रूट' म्हणजे काय ते पाहू. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्सचे घराणे १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्सचे. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे अशा बेताने युनिक्स घडत गेले. त्यामुळे प्रत्येकाला आपापले मर्यादित अधिकार आणि एका खात्याला सर्वाधिकार, अशी व्यवस्था त्यात आली. त्या सर्वाधिकारी खात्याचे नाव रूट. घरच्या संगणकावर असा अधिकार यंत्र विकत घेणाऱ्याकडेच असतो. फोनमध्ये मात्र वेगळीच गंमत आहे. तेथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र ओळखक्रमांक आणि स्वतंत्र खोली दिलेली असते. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचे नाही. ही शिस्त चांगलीच आहे. पण ज्याने यंत्राचे पैसे मोजले तोही या वाड्यातला एक बिऱ्हाडकरू ठरतो. सर्व खोल्यांची किल्ली त्याला मिळत नाही.

ती मिळवायची तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि या दोहोंत लोक नेहमी गल्लत करतात. पहिली पायरी बूटलोडरचे कुलूप उघडण्याची. फोन सुरू होताना सर्वप्रथम जागा होणारा हा छोटा प्रोग्रॅम म्हणजे वाड्याचा देवडीवाला. आत येणारी प्रणाली कंपनीच्या सहीशिक्क्याची आहे का, हे तो पाहतो. त्याचे कुलूप उघडले की दुसरी प्रणाली आत घालता येते. मात्र उघडताना फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो. तो मुद्दामच पुसला जातो, कारण चोराने फोन पळवून कुलूप उघडले तर त्याच्या हाती तुमची छायाचित्रे आणि पत्रे लागू नयेत. दुसरी पायरी प्रत्यक्ष रूट करण्याची. 'मॅजिस्क' हे २०१६ पासून उपलब्ध असलेले साधन त्यासाठी प्रसिद्ध आहे. ही दुसरी पायरी चढलीच पाहिजे असे नाही. २०१६ च्या अखेरीस 'सायनोजेनमॉड' हा प्रकल्प बंद पडल्यावर त्याच्या राखेतून 'लिनिएजओएस' ही प्रणाली उभी राहिली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक फोनना ती अँड्रॉइडच्या नव्या दुरुस्त्या पुरवते, आणि तिच्यात रूटचा अधिकार मुळात दिलेला नसतो. म्हणजे देवडीचे दार उघडणे ही एक गोष्ट आणि सगळ्या खोल्यांची कुलपे काढून ठेवणे ही दुसरी.

कुलपाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याच वर्षी त्यात एक विलक्षण दोष सापडला. फोनच्या कळफलकावर जे काही टाइप करावे ते पडद्यामागे सर्वाधिकारी आज्ञा म्हणूनही पाळले जात होते. मित्राला पाठवायच्या निरोपात 'रीबूट' हा शब्द लिहून एंटर दाबावे, तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! ऐकायला मौजेचे, पण सर्वाधिकार मोकाट सुटले तर काय होईल याचा तो नमुनाच होता. रूट केलेल्या फोनमध्ये एखाद्या ॲपने परवानगी मागितली आणि घाईत आपण 'हो' म्हटले, तर ते ॲप इतरांच्या खोल्यांत शिरू शकते. बँकेच्या ॲपने जपून ठेवलेल्या वस्तूही मग त्याच्या आवाक्यात येतात. काही फोनमध्ये तर परतीची वाटही उरत नाही. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये अनधिकृत प्रणाली चालवली की आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो. मूळ प्रणाली पुन्हा घातली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परत मिळत नाहीत. तेव्हा कुलूप हा केवळ कंपनीचा कावा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कुलूप हवेच. माझा प्रश्न किल्लीचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या कारणांसाठी लोक रूट करायला धावतात त्यांतली निम्मी कामे रूट न करताही साधतात. फोन संगणकाला जोडून, अँड्रॉइडच्याच अधिकृत साधनाने, नको असलेली पुष्कळ ॲप आपल्यापुरती हटवता येतात. जाहिराती बऱ्याच अंशी रोखण्याची सोय २०१८ सालच्या अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्येच आहे. 'प्रायव्हेट डीएनएस' या ठिकाणी जाहिराती गाळणाऱ्या एखाद्या सेवेचे नाव भरले की झाले. एवढ्यावर ज्याचे समाधान होते त्याने पुढच्या भानगडीत पडू नये. पण थांबलेल्या सुरक्षा दुरुस्त्या मात्र अशा उपायांनी परत येत नाहीत. त्यासाठी देवडी उघडावीच लागते. माझा पेच नेमका येथे आहे.

आणि येथेच बँक मध्ये येते.

रिझर्व्ह बँकेची मोठी इमारत आमच्या बेलापुरात आहे. बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेबद्दल सविस्तर निर्देश काढले. त्यात रूट केलेल्या फोनचा उल्लेख होता. फोन रूट केलेला आहे का हे तपासणारी आणि तसे असल्यास ॲप चालू न देणारी व्यवस्था करता येईल का, याची व्यवहार्यता बँकांनी पडताळून पाहावी, असा त्याचा आशय होता. शब्द नीट पाहा. 'पडताळून पाहावी', एवढेच. प्रत्यक्षात मात्र अनेक बँकांच्या ॲपनी त्याचा सरसकट दरवाजाबंद केला. त्यासाठी बहुधा 'प्ले इंटिग्रिटी' या गुगलच्या कसोटीचा आधार घेतला जातो. ही कसोटी मुख्यतः एवढेच विचारते, की फोनमधली प्रणाली गुगलने प्रमाणित केलेली आहे ना आणि देवडी बंद आहे ना. २०२५ पासून तिच्या सर्वांत कडक श्रेणीत गेल्या वर्षभरातली सुरक्षा दुरुस्तीही पाहिली जाऊ लागली. पण कोणती श्रेणी लावायची हे ज्याच्या त्याच्या ॲपवर सोपवलेले आहे.

परिणाम काय होतो पाहा. माझा फोन छिद्रांनी भरलेला आहे. पण त्याची देवडी बंद, शिक्का मूळचा. म्हणून बँकेचे ॲप त्याला निमूटपणे आत घेते. उद्या त्याच फोनवर मी ताज्या दुरुस्त्यांची प्रणाली घातली, रूट केलेही नाही, तरी तेच ॲप मला दारातून परत पाठवण्याची शक्यता दाट. आजारी माणसाला ओळखपत्र पाहून आत सोडावे आणि धडधाकट माणसाला शर्ट बदलला म्हणून बाहेर काढावे, तसा हा न्याय आहे. त्यातही विसंगती अशी, की याच बँकेचे संकेतस्थळ माझ्या घरच्या संगणकावर सुखाने उघडते. त्या संगणकाचे सर्वाधिकार माझ्याकडे आहेत, हे बँकेला खटकत नाही.

बँकेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. पैसे गेले तर भरपाई कोणी करायची? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे पळवले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस नाही. ग्राहकाच्या हलगर्जीने गेले तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. अशा वेळी ग्राहकाच्या फोनमध्ये काय चालले आहे याची धास्ती बँकेने बाळगली, तर तिला दोष देता येत नाही. परंतु आपल्याकडच्या ज्या फसवणुकींच्या बातम्या रोज वाचतो त्या आठवून पाहा. कोणी पोलिसाचे सोंग घेऊन 'डिजिटल अटक' करतो, कोणी दंडाच्या पावतीच्या नावाने बनावट ॲप धाडतो, कोणी पडदा पाहण्याची परवानगी मागून घेतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क'च्या दुरुपयोगाबद्दल बँकांना सावध केले होते, ते याच शेवटच्या प्रकारामुळे. यांपैकी कशालाही रूट लागत नाही. तो माणसाच्या भीतीचा आणि भिडेचा फायदा आहे. चोर खिडकीतून येत असताना आपण मालकाच्या हातातली किल्ली काढून घेतो आहोत.

आता खर्चाचे गणित. तंत्र जाणणारे सांगतात, की दोन फोन ठेवा; एक बँकेसाठी कुलूपबंद, दुसरा आपल्या मर्जीचा. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो कोणाला परवडतो? यूपीआय २०१६ साली आले आणि पाहता पाहता रोख पैशाची जागा त्याने घेतली. दिवाळे गावाहून मासळी घेऊन येणारी मावशी, स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, रात्री कोकण भवनच्या परिसरात पहारा करणारा रखवालदार यांच्याकडे एकच फोन असतो. बहुधा तो स्वस्तातला, म्हणजेच दुरुस्त्या लवकर थांबणारा. त्यातच कमाई, त्यातच पोराचा अभ्यास, त्यातच गावाकडचा बोलावा. ज्याला जुन्या फोनचे आयुष्य वाढवण्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ते करण्याची मुभा नाही. आणि ज्याला दरवर्षी नवा फोन घेणे जमते, त्याच्या घरात जुना फोन प्रयोगाला पडलेला. आपल्या वस्तूची मालकी ही दुसरी वस्तू विकत घेऊ शकणाऱ्याची चैन व्हावी, हे काही बरे लक्षण नव्हे.

मालकाला वस्तू बदलू दिली तर अनर्थ होतो, असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या बेलापुरातच एक जागा दाखवीन. सेक्टर आठमधले आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत आखली. सात सात घरे एका छोट्या चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, अशी ती रचना. भूखंड पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे. गरीब आणि सुस्थित यांच्या जागेत फार तफावत नाही. पण कोरियांचा खरा विचार पुढेच आहे. कुटुंब वाढते, मिळकत वाढते, गरज बदलते; तेव्हा घरही वाढले पाहिजे आणि ते राहणाऱ्यानेच वाढवले पाहिजे, हे त्यांनी आखणीतच गृहीत धरले. म्हणून कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. एकाने आपले घर वाढवले, पाडले, पुन्हा बांधले, तरी शेजाऱ्याच्या भिंतीला तडा जायला नको. शेजाऱ्याच्या खासगीपणाला बाध येऊ नये म्हणून खिडक्यांनाही मर्यादा घातली.

पुढच्या चाळीस वर्षांत लोकांनी त्या घरांचे काय केले ते आज तेथे फिरून कोणालाही पाहता येईल. कोणी मजला चढवला, कोणी उतरते कौलारू छप्पर काढून सपाट स्लॅब टाकला, कित्येकांनी मूळ घर समूळ पाडून टोलेजंग बंगला बांधला. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना यातले पुष्कळ बदल रुचणार नाहीत. मलाही सगळे रुचतात असे नाही. पण वसाहत कोसळली नाही. तेथे माणसे राहतात, चौकात मुले खेळतात. बदलाचे स्वातंत्र्य आणि शेजाऱ्याची सुरक्षितता या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. आखणाऱ्याने आधीच विचार केला असेल तर दोन्ही नांदतात. फोन घडवणाऱ्यांनी हा विचार केला नाही असे नाही. करूनही बहुतेकांनी तो बाजूला ठेवला.

फोनच्या बाबतीत शेजाऱ्याची भिंत कोणती, हेही अज्ञात नाही. प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक ही ती भिंत. चोरीचा फोन ओळखायचा तो त्यावरून. त्यात फेरफार करणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ती योग्यच आहे. दुसऱ्याला अपाय होईल तेथे कायद्याने रेषा आखावी. पण माझ्या घरातले कपाट कोणत्या भिंतीला लावायचे, हे कारखानदाराने ठरवू नये. अमेरिकेत हा भेद २०१० साली मान्य झाला. प्रताधिकार कायद्यात अपवाद करून, आपल्या पसंतीचे ॲप चालवण्यासाठी स्मार्टफोनचे कुलूप मोडणे तेथे कायदेशीर ठरवण्यात आले.

आपल्याकडे वादाची सुरुवात झाली, पण गाडी अर्ध्या वाटेवर अडली. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला आणि दहा निर्देश दिले. फोनमध्ये आधीपासून भरलेली गुगलची ॲप काढून टाकण्यास ग्राहकाला मज्जाव करू नये, हा त्यांपैकी एक. २९ मार्च २०२३ रोजी अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले; हा निर्देश त्या चारांत होता. दंड सरकारजमा होणार; ग्राहकाच्या हाती जे यायचे होते ते मात्र गळाले. या निकालाची चर्चा रकमेवरच झाली, याचे वाईट वाटते.

सरकारही या मोहातून सुटलेले नाही. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी फोन उत्पादकांना आदेश दिला, की 'संचार साथी' हे ॲप नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यावे. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबर रोजी ती सक्ती मागे घेण्यात आली. ॲपचा हेतू चांगला होता. हरवलेला फोन शोधणे, बनावट जोडणी ओळखणे ही कामे उपयोगाचीच. पण लोक खवळले ते हेतूवर नव्हे. माझ्या खिशात माझ्या परवानगीवाचून काही ठेवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ही नागरिकांची सहजप्रेरणा अगदी अचूक होती. नवल एवढेच, की तीच गोष्ट कंपन्या वर्षानुवर्षे करत आल्या तेव्हा आपण ती मुकाट्याने खपवून घेतली.

मग मार्ग काय? तो शोधायला फार लांब जावे लागत नाही. देवडीचे दार उघडायचे, आपल्या पसंतीची प्रणाली आत घ्यायची आणि दार पुन्हा बंद करायचे, पण या खेपेला आपल्या किल्लीने, अशी सोय अँड्रॉइडच्या आराखड्यातच आहे. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये ती प्रत्यक्षात चालते. 'ग्राफीनओएस' ही सुरक्षेला वाहिलेली प्रणाली याच पद्धतीने बसवली जाते. फोन सुरू होताना पडद्यावर एक सूचना दिसते, की यात मूळची प्रणाली नाही. बस, एवढेच. कुलूप तितकेच भक्कम राहते, चोराला तितकेच अवघड जाते आणि कुलूप बंद आहे की नाही याची खातरजमा बँकेला यंत्राच्या पातळीवर करून घेता येते. मालकाला किल्ली दिली की सुरक्षितता संपली, हा युक्तिवाद या एका उदाहरणाने निकालात निघतो. बाकीच्या कंपन्यांना हे अशक्य नाही. त्यांना त्याची गरज वाटत नाही, कारण जुना फोन चालत राहिला तर नवा खपत नाही.

म्हणून ग्राहक म्हणून आपण तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, फोन विकताना दुरुस्त्या किती वर्षे मिळतील ते खोक्यावर ठळक छापा, आणि ज्या दिवशी त्या थांबतील त्या दिवशी किल्ली ग्राहकाच्या हवाली करा. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. गुगलने २०२३ पासून आणि सॅमसंगने २०२४ पासून आपल्या महागड्या फोनना सात वर्षांचे वचन दिले आहे. महागड्या फोनला जमते ते स्वस्त फोनला थोडे कमी का होईना, जमलेच पाहिजे. दुसरी, आधी भरलेली ॲप ग्राहकाला काढता आली पाहिजेत. स्पर्धा आयोगाने जे दिले होते ते कायद्याने परत मिळावे. तिसरी रिझर्व्ह बँकेकडे. बँकांनी फोनचा शिक्का कोणाचा हे पाहण्याऐवजी फोन निरोगी आहे का हे पाहावे. दुरुस्त्या ताज्या आहेत का, कुलूप बंद आहे का, एवढे विचारावे; किल्ली कंपनीच्या खिशात आहे की ग्राहकाच्या, हे विचारू नये.

यावर कोणी म्हणेल, सामान्य माणसाला एवढे तंत्र कळत नाही, त्याच्या हाती किल्ली देणे धोक्याचे. युक्तिवाद नवा नाही. सामान्य माणसाला कळत नाही या सबबीवर त्याच्या नावाने निर्णय घेण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. आर्टिस्ट व्हिलेजमधल्या सगळ्यांना तरी बांधकाम कोठे कळत होते? त्यांनी गवंडी बोलावला. फोनच्या बाबतीतही तेच होईल. बहुतेक लोक किल्ली कधी वापरणारच नाहीत. वापरतील ते जाणकाराला विचारून वापरतील, आणि गल्लीतला मोबाईल दुरुस्तीवाला जुन्या फोनला नवे आयुष्य देण्याचा धंदा सुखाने करील.

राहता राहिला माझा फोन. मी तो रूट केलेला नाही, आणि त्याची देवडीही उघडलेली नाही. माझे निवृत्तिवेतन, विजेचे बिल, भाजीचे पैसे हे सारे त्याच एका फोनमधून जाते-येते. ते दार बंद झाले तर रोज बँकेच्या रांगेत उभे राहावे लागेल, आणि या वयात ते परवडणारे नाही. तूर्त मी संगणक जोडून बिनकामाची ॲप हटवली आहेत, बँक आणि यूपीआय यांपलीकडे नवे काही त्या फोनमध्ये घेत नाही आणि मोठी रक्कम त्याला जोडलेल्या खात्यात ठेवत नाही. माझ्यासारखा पेच ज्यांना पडला असेल त्यांनाही मी हेच सांगेन. एकच फोन असेल आणि त्यातून पैशाचे व्यवहार होत असतील, तर आज देवडी उघडू नका. दुसरा जुना फोन घरात पडून असेल तर मात्र तो भंगारात देण्यापूर्वी त्यातला मजकूर काढून घ्या, त्याच्या मॉडेलसाठी लिनिएजओएस मिळते का ते पाहा आणि जाणकाराला हाताशी धरून अवश्य प्रयोग करा.

पण याला मी माझा निर्णय म्हणणार नाही. निर्णय म्हणजे दोन वाटांपैकी एक निवडणे. येथे एका वाटेवर रोजच्या जगण्याचा टोलनाका उभारून ठेवला आहे, आणि तो उभारताना मला कोणी विचारलेले नाही. उद्या तो हटला तरी कदाचित मी फोनला कुलूप लावूनच ठेवीन; घरालाही लावतोच. फक्त ते मी लावलेले असेल.